एक बाजू, एक ग्लास

(दृश्य : कळंब–राळेगाव रस्ता. दोन्ही अंगांना कपाशी. एक जीप सावकाश येते आहे.)

नागपूरहून राळेगावला यायची सरळ वाट वर्धा जिल्ह्यातून जाते, आणि वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. म्हणून या गावात येणारी बियर त्या वाटेनं येत नाही. ती अमरावतीहून येते. नेर, यवतमाळ, कळंब असा फेरा घेऊन, थर्माकोलच्या पेटीत, बर्फात दडपून. उन्हाळ्यात यवतमाळला थांबून पेटीत पुन्हा बर्फ भरावा लागतो.

एवढा खटाटोप एका घराच्या माडीसाठी चालतो. तिथे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी पाच-सहा जण जमतात. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा रॉक अल्बम रेकॉर्डवर लावतात, त्याच्या जोडीला कोणती बियर शोभेल ते आधी ठरवतात, आणि तेवढीच पितात.

माडी गुरुजींची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते निवृत्त झाले. नागपूरला कॉलेजात असताना रेकॉर्डी जमवायला लागले, आणि ती आवड नोकरीत, संसारात, कुठेच सुटली नाही. बाकीच्या मंडळींत दोघे कास्तकार, एक कृषी केंद्र चालवणारा, एक जिनिंगमधला मेस्त्री. आणि एक काका वर्धा नदीपलीकडून येतात, हिंगणघाट तालुक्यातून. ते आले की मुक्कामालाच असतात, कारण पिऊन कोणी गाडीला हात लावायचा नाही हा इथला नियम आहे. एकवीसच्या आतल्या पोराला माडी चढायची ती फक्त ऐकायला. आणि रेकॉर्डच्या एका बाजूला एकच ग्लास. हे सगळे नियम काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवतींनी घातले, आणि ते कोणी मोडत नाही.

काकूंचा धाक उगाच नाही. दारूनं या भागात घरंच्या घरं बसवली आहेत. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांनी लढून मिळवली. चंद्रपुरात २०१५ साली झाली, २०२१ मध्ये उठली. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनीही बंदीसाठी मोर्चे काढले आहेत. त्या मोर्च्यांतल्या बाईसमोर बसून जे सांगता येणार नाही, ते या निवेदनातही नाही. माडीवर कोणी झिंगायला येत नाही. इथे येतात ते ऐकायला.

(दृश्य : माडी. लाकडी फळीवर रेकॉर्डी उभ्या रचलेल्या. खाली चटई, मध्ये स्टीलचं ताट.)

अल्बमला बियर जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं? गुरुजींनी याचं सूत्र वेळेवर बसवलं आहे. लाँग-प्ले रेकॉर्डची एक बाजू साधारण पंधरा ते बावीस मिनिटांची असते. ३३० मिलिलिटरची पाईंट सावकाश घेतली तर तेवढाच वेळ पुरते. त्या वेळात गाणी पुढे सरकतात आणि ग्लासातली बियर तापत जाते. अगदी थंड असताना जिभेला गारवा आणि बुडबुडे यांपलीकडे फारसं कळत नाही. चार-पाच अंश वर चढली की वास सुटायला लागतात. फिकट लागर तापली की पांचट होते. काळ्या स्टाउटचं उलटं आहे. ती दहा-बारा अंशांवर आली की भाजलेल्या सातूचा, कॉफीचा, कडू चॉकलेटचा वास वर येतो. म्हणजे पहिल्या गाण्याला जी चव होती ती शेवटच्या गाण्याला राहिलेली नसते. कोणता अल्बम या बदलाबरोबर चालतो, हे पाहून जोडी ठरवायची.

आणि विदर्भात हा बदल ऋतूवर चालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, ग्लास हातात घेतल्या घेतल्या तापायला लागतो. जानेवारीच्या रात्री तोच ग्लास अर्धा तास गार राहतो. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या जोड्या इथे लागू पडत नाहीत. इथल्या जोड्या इथल्या हवेनंच ठरवाव्या लागतात, आणि म्हणूनच त्या मला जास्त खऱ्या वाटतात.

(दृश्य : मे महिना. उतरतं ऊन. माडीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं.)

उन्हाळ्याचा अल्बम ठरलेला आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचा ‘ग्रीन रिव्हर’, ऑगस्ट १९६९. दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्धा तास. गाणी छोटी, गिटार कोरडी आणि करकरीत, कुठे पाल्हाळ नाही. या हवेत बियर जेवढा वेळ पिण्याजोगी राहते तेवढ्यात एक बाजू संपते.

त्याच्यासोबत व्हीट बियर, तीही बेल्जियन पद्धतीची, विटबियर. गहू आणि सातू, शिवाय संत्र्याची वाळलेली साल आणि धणे. बेल्जियममध्ये ही बियर जवळपास संपली होती. १९६० च्या दशकात हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी ती पुन्हा करायला घेतली आणि तिथून ती जगभर गेली. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचे मळे उभे आहेत, आणि धणे तर आपल्या मसाल्याच्या डब्यात असतातच. त्यामुळे पहिल्यांदा ही बियर नाकाशी नेली तेव्हा मंडळींना तिची ओळख करून द्यावी लागली नाही. कास्तकार दादा म्हणाले, “हे त आपल्याच इकडलं वाटून रायलं गा.”

ओतायची रीत जवळून पाहा.

(दृश्य : अगदी जवळून. ग्लास तिरपा. बाटली.)

ग्लास तिरपा धरून बाटलीतली दोन तृतीयांश बियर हळू ओतायची. मग थांबायचं. बाटलीत जी उरली तिच्या तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो. बाटली मनगटानं गोल फिरवायची, दोन-तीनदा, तळ ढवळला जाईपर्यंत. मग उरलेली ओतायची. ग्लास पारदर्शकचा ढगाळ होतो, वर पांढरा फेस दोन बोटं चढतो, आणि त्या गढूळपणातच तिची अर्धी चव असते. मेस्त्री हे काम करतात. त्यांचा हात सगळ्यांत स्थिर आहे.

बाटलीबद्दल एक गोष्ट दुकानातच बघून घ्यायची. बियरला कडवटपणा हॉप्सच्या फुलांमुळे येतो, आणि त्या कडवट द्रव्यांवर ऊन पडलं की त्यांचं रूपांतर होऊन एक घाण वास तयार होतो. तपकिरी काच बरंचसं ऊन अडवते, हिरवी फारसं अडवत नाही, पांढरी मुळीच नाही. आपल्याकडच्या उन्हात हिरवी बाटली थोडा वेळ जरी बाहेर राहिली तरी बिघडते. डब्यातली बियर त्या मानानं सुरक्षित. हल्ली मोठ्या शहरांतल्या दुकानांत व्हीट बियर आणि स्टाउट डब्यांत मिळू लागल्यात, ही चांगली सोय झाली. पुण्यात २००९ साली डूलाली ही बियरची छोटी भट्टी सुरू झाली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात ताजी, छोट्या भट्टीतली बियर प्यायची गोडी वाढली. पण तिथल्या नळाची ताजी बियर इथवर येत नाही. ती गाळलेली नसते, सतत गार राहावी लागते, आणि पुण्याहून राळेगाव म्हणजे एक अख्खी रात्र.

ताटात काय ठेवायचं, हाही वादाचा विषय होता, आता मिटला आहे. विटबियरसोबत मिरचीचा ठेचा चालतो, सावजी रस्साही चालतो. कडवट हॉप्सच्या बियरसोबत मात्र चालत नाही. हॉप्सचा कडवटपणा आणि तिखट एकत्र आलं की दोन्ही एकमेकांना चढवतात, आणि मग चव राहते बाजूला. त्या दिवशी नुसते भाजलेले शेंगदाणे.

(दृश्य : पाऊस. जिनिंगचं पत्र्याचं छत. आत बंद यंत्रं.)

पावसाळ्यात स्टाउट निघते, आणि फळीवरून ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम खाली येतो. फेब्रुवारी १९७०. पहिलं गाणं सुरू होण्याआधी रेकॉर्डवर पाऊस पडतो, ढग गडगडतात, लांबवर एक घंटा वाजते. बाहेरही पाऊस असेल तर कोणता कुठला ते काही क्षण कळत नाही.

हा अल्बम मेस्त्रींचा. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे तारा सैल सोडून वाजवायला लागला. त्यानं सूर आणखी खाली गेला, आणि हेवी मेटल म्हणून जो आवाज जग ओळखतं त्याची घडण त्यात आहे. जिनिंगमध्ये बोटं गेलेला माणूस या तालुक्यात परका नाही. मेस्त्रींनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मंग त लावाच. पुरा लावा.”

अख्खा अल्बम बँडच्या चौघांनी एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. घाई त्यात ऐकू येते, आणि ती मला आवडते. स्टाउट पहिल्या गाण्याला बंद असते, नुसती जड. बाजू संपत येते तशी भाजलेल्या धान्याची कडू चव मोकळी होते. माझ्या मते या माडीवरची सगळ्यांत पक्की जोडी हीच.

(दृश्य : वेचणीचे दिवस. कापसानं भरलेल्या गाड्या. गुरुजी सुईवर बारीक ब्रश फिरवताना.)

दिवाळीनंतर, वेचणी लागली की, रेकॉर्ड प्लेअरच्या सुईवर तूस जमतं. घराघरांत कापूस साठवलेला असतो, हवेत त्याचे बारीक धागे तरंगत असतात. दोन गाणी झाली की आवाज धुरकट होतो. गुरुजी सुई उचलतात, ब्रश मागून पुढे एकदाच फिरवतात, आणि ब्रशच्या टोकाला पांढरा, केसासारखा पुंजका लागलेला दिसतो.

याच दिवसांत लेड झेपेलिनचा चौथा अल्बम लागतो. नोव्हेंबर १९७१. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे बांध फुटतो तेव्हा. सात मिनिटं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिथे कधीकाळी गरिबांचं आश्रयगृह होतं, जॉन बोनमचे ड्रम जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मांडले आणि मायक्रोफोन वरून, जिन्यावरून सोडले. त्या जिन्याची पोकळी प्रत्येक ठोक्यात आहे. पण गाणं त्यांचं मूळ नाही. ते १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय जोडप्यानं ध्वनिमुद्रित केलं, आणि ते आहे मिसिसिपी नदीच्या १९२७ च्या महापुराबद्दल. कापसाचा प्रदेश. शेतात राबणारे कृष्णवर्णीय मजूर. पूर आला तेव्हा ग्रीनव्हिलसारख्या ठिकाणी याच मजुरांना बांधावर अडकवून ठेवलं, सक्तीनं माती टाकायला लावली.

जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पूर आला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. त्या वर्षी हे गाणं माडीवर लागलं तेव्हा त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

इथे मला थोडं मागे जायचं आहे, कारण रॉक हे आपल्यासाठी परक्यांचं संगीत आहे असं जे सहज बोललं जातं ते मला पटत नाही. हे संगीत ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलं, आणि ब्लूजचं मोठं माहेर म्हणजे मिसिसिपीचा कापूस पट्टा. तिथला कापूस जहाजांनी लिव्हरपूलला जायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडवर गेली. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलच्या बाजारात गेला, तिथे तो अमरावतीच्या नावानं ओळखला जायचा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे मिसिसिपीच्या शेतातली गाठोडी आणि वऱ्हाडच्या शेतातली गाठोडी एकाच धक्क्यावर उतरत होती. पुढे त्याच लिव्हरपूलमधून बीटल्स आले. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनी यांचे वडील जिम हे लिव्हरपुलात कापसाचे दलाल असलेल्या एका पेढीत विक्रेते होते. घरी पियानो वाजवायचे. पोराला संगीत लागलं ते तिथून.

हे कळल्यावर काका म्हणाले होते, “म्हन्जे आपला कापूस त्यायच्या घरी पयलेच जाऊन बसला होता.” काळाचा हिशेब तंतोतंत जुळेलच असं नाही, पण त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असंही मला वाटत नाही.

या अल्बमसोबत आयपीए असते, इंडिया पेल एल. जादा हॉप्स घातलेली ही कडवट बियर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी जहाजानं यायची. हॉप्सनं बियर टिकते, म्हणून लांबच्या प्रवासाला ती सोयीची. जहाजं इकडून कापूस घेऊन जायची आणि तिकडून ही बियर घेऊन यायची, त्यामुळे ग्लास आणि रेकॉर्ड दोन्ही त्याच व्यापारातून आले आहेत. चवीनंही जोडी बसते. पहिल्या घोटाला कडू लागते, मग जिभेच्या कडांना रेंगाळते, आणि बोनमचा ठोका जसा थांबूनही थांबत नाही तशी ती उतरायला वेळ घेते. कृषी केंद्रवाल्या दादांना अजूनही ती आवडत नाही. ते त्या दिवशी फक्त ऐकतात.

(दृश्य : पौषातली रात्र. शेत. गोवऱ्यांची आगटी, भोवती माणसं, राखेत ज्वारीची कणसं.)

हुरड्याच्या दिवसांत माडी सोडून सगळे शेतात येतात. रेकॉर्ड प्लेअर येत नाही, बॅटरीवरचा स्पीकर येतो. तेवढी तडजोड. लागतो डीप पर्पलचा ‘मशीन हेड’, १९७२. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावी हा बँड अल्बम करायला गेला होता. ४ डिसेंबर १९७१ ला तिथल्या कसिनोत फ्रँक झाप्पाचा कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि इमारत जळाली. तळ्यावर धूर पसरला. त्यातूनच त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं आलं. जागा गेली, तर त्यांनी एका ओस पडलेल्या हॉटेलच्या बोळात गाद्या लावून अल्बम पुरा केला.

जर्मनीत बाम्बेर्ग गावी बीच लाकडाच्या धुरावर सुकवलेल्या सातूची धुरकट बियर करतात. ती या अल्बमला तंतोतंत. इथे ती मिळत नाही आणि तिची गरजही पडत नाही. गोवरीचा धूर कपड्यांत, केसांत, भाजलेल्या दाण्यांत असतोच. साधी गडद लागर घ्यावी, हातावर गरम हुरडा चोळावा, वर लसणाची चटणी.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अर्थातच फळीवर आहे. मार्च १९७३. त्याच्यासोबत कोणती बियर, असं नवीन आलेला माणूस हमखास विचारतो. माझं आणि गुरुजींचं इथे एकमत आहे : कोणतीच नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरी ही गायिका एकही शब्द न उच्चारता जे गाते, त्या वेळी हातात ग्लास नसावा. पाणी चालेल.

(दृश्य : वर्धा नदी. डोंगा. पलीकडचा काठ.)

काकांचं गाव नदीपलीकडे. तिथे बियर नेता येत नाही, आणि काकांना आपल्या गावी मैफल हवीच होती. मग तिकडची जोडी वेगळी बसवली, आणि आता मंडळी तिची वाट पाहतात. नील यंग या गायकाचा ‘हार्वेस्ट’, फेब्रुवारी १९७२. यातली काही गाणी नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाली, दोन लंडनच्या ऑर्केस्ट्रासोबत, आणि काही कॅलिफोर्नियातल्या त्याच्या स्वतःच्या शेतावरच्या गोठ्यात. म्हणून काकांकडे ती गोठ्यातच ऐकतात. बैल कडेला, वायर घरातून ओढलेली.

पेलाभर ज्वारीची आंबील असते. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात असते तीच, फक्त पातळ. पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, रात्रभरात ते आंबतं, सकाळी शिजवायचं, लसूण, जिरं, मीठ घालून निववायचं. सातूची बियर यीस्ट आंबवतं, इथे ताकातले जिवाणू ज्वारी आंबवतात, आणि नशा येत नाही. आंबटपणा सुरुवातीला टोचतो, मग माऊथ ऑर्गनच्या सुरात मिसळून जातो. ही आंबील काकांची सून करते. मागच्या खेपेला तिनं लसूण कमी केला आणि गाणी चालू असताना पहिल्यांदाच स्वतःही येऊन बसली. पुढचा अल्बम तिनं निवडायचा असं ठरलं आहे. तिनं सॅबथ मागितला आहे, आणि त्याला आंबील चालेल की अंबाडीचं सरबत, यावर नदीच्या दोन्ही काठांवर फोन सुरू आहेत.